स्टोव्ह घरी ठेवा, पोहे घेऊन चला

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की गेली काही वर्षं सह्याद्रीतल्या ट्रेकला मी स्टोव्ह नेतच नाही, थंड पाण्यात भिजून खाण्याजोगं होईल असंच सगळं सामान सॅकमध्ये असतं. त्यावर खूप पत्रं आली, काही रागाची पण आली, त्यातली काही इथे घेतलीयेत. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही त्याबद्दल सॉरी, पण बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता म्हणून तोच आधी.

ताई, थंड पाण्यात भिजवून खायचं म्हणजे कच्चंच खायचं ना? आम्ही मित्र पुढच्या महिन्यात राजगड-तोरणा करतोय, दोन रात्री. माझी आई म्हणते पोट बिघडेल, काहीतरी गरम पाहिजेच. तिला काय सांगू?
– एक वाचक, डोंबिवली

आईला विचार, दडपे पोहे गॅसवर कधी ठेवतेस का म्हणून. बस्स, तिथेच तिला कळेल.

अरे कच्चं नाही खायचं. घरी किंवा गिरणीत किंवा भट्टीत एकदा शिजून, भाजून, फुगून वाळलेलं असतं तेच न्यायचं आणि त्याला फक्त त्याचं पाणी परत द्यायचं, एवढीच आयडिया आहे. पोहे कसे होतात बघ. साळ गरम पाण्यात भिजवतात, मग भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच चपटी करतात. म्हणजे आतला स्टार्च तिथेच शिजून झालेला असतो, म्हणून पातळ पोह्यांवर नुसता पाण्याचा हबका मारला तरी पाच मिनिटांत मऊ होतात. आणि तोच तांदूळ, त्याच शेतातला, रात्रभर थंड पाण्यात ठेवलास तरी दाताखाली कचकचणारच, कारण त्याला ऊब कधी लागलीच नाही. स्टार्चला शिजायला साधारण ६०-७० डिग्रीच्या वर जावं लागतं, थंड पाणी कितीही वेळ दिलं तरी ते काम करू शकत नाही. म्हणून दुकानात काहीही हातात घेतलंस की एकच प्रश्न विचारायचा, ह्याला आधी आच लागलीये का? पोहे, चुरमुरे, लाह्या, फुटाण्याचं डाळं, मेतकूट, सातूचं पीठ, इन्स्टंट नूडल्स (त्या आधी वाफवून मग तळलेल्या असतात), ह्या सगळ्यांना लागलीये. तांदूळ, रवा, कच्ची डाळ, कडधान्य, नाचणीचं कच्चं पीठ ह्यांना नाही, ते घरीच राहू दे.

आता मी हे का सुरू केलं ते पण सांगते. रतनगडावर ऑगस्टमध्ये गेलो होतो, नऊ जण, वर गुहेत पोचेपर्यंत सगळं चिंब. लायटर पेटेना, काडेपेटी तर बोटांनी दाबली की मऊ पडत होती, आणि आमच्याकडे होतं काय तर तांदूळ, मसूर डाळ आणि चहाची पावडर. दोन किलो अन्न समोर आणि नऊ जण उपाशी. त्यात एकीच्या सॅकमध्ये तिच्या आईने दिलेली पातळ पोह्यांची मोठी पिशवी होती, सोबत सुकं खोबरं, दाण्याचं कूट आणि घरी करून गार केलेली फोडणी एका छोट्या डबीत. पातेल्यात पोहे घातले, फोडणी घातली, पाण्याचा हात मारला, वर ताटली उपडी घातली आणि ताटलीवर पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या आडव्या ठेवल्या, दडपायला. दहा मिनिटांनी ताटली उचलली तर हिंगाचा आणि तळलेल्या कढीपत्त्याचा असा वास आला की बाहेर पाऊस आहे हेच विसरलो. त्या रात्रीपासून तांदूळ-डाळ सॅकमध्ये जात नाही.

एका माणसाला एका वेळी किती लागतं ते ग्रॅममध्ये सांगाल का? आणि दडपे पोहे सोडून काय? तीन दिवस तेच तेच खाणं मला जमणार नाही, मी स्पष्टच सांगते.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं, कंटाळा हा खरंच मोठा प्रॉब्लेम आहे, तिसऱ्या दिवशी माणूस खायचंच टाळतो आणि मग उतरताना पाय थरथरतात.

माझा एका माणसाचा दडप्यांचा हिशोब असा, पातळ पोहे १०० ग्रॅम, दाण्याचं कूट २५, सुक्या खोबऱ्याचा कीस २०, आणि फोडणीचं तेल मोठा चमचाभर. ह्यातून साधारण ७४० कॅलरी मिळतात आणि वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. मीठ, साखर, आमचूर घरीच मिसळून टाकायचं. पोहे आधी चाळून निवडून कडकडीत ऊन दाखवून घ्या, कारण वर धुणार नाही आहात. घरी आपण ओला नारळ आणि नारळाचं पाणी घालतो त्यामुळे वेगळं पाणी लागत नाही, पण सुकं खोबरं उलट पाणी ओढून घेतं, म्हणून ट्रेकला अर्धी वाटी पाणी जास्त धरा. कांदा वर कापायचा असेल तर एक आख्खा न्या, नसेल तर घरी तळून कुरकुरीत केलेला.

एक गोष्ट मी खूप उशिरा शिकले ती म्हणजे तूप नेऊ नका. घरी गरम भातावर तूप म्हणजे सुख, पण डिसेंबरच्या पहाटे थंड खिचडीत ते थिजतं, टाळूला चिकटतं आणि सगळी चव झाकून टाकतं. शेंगदाण्याचं तेल लहान बाटलीत न्या, ते थंडीतही पातळ राहतं आणि फोडणी घरी करून आणली असेल तर वेगळ्या मसाल्याची गरज पण पडत नाही.

आता बदल. सकाळी सातूचं पीठ, आपलं मराठी, गहू आणि डाळं भाजून त्यात जिरं-सुंठ-वेलची घालून दळलेलं. ६० ग्रॅम पीठ, २० ग्रॅम किसलेला गूळ, दीड चमचा दूध पावडर, आणि पाणी एकदम ओतायचं नाही, आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून घट्ट कालवायचं मग सैल करायचं. बिहारकडचा सत्तू नुसत्या हरभऱ्याचा असतो, तो कांदा-लिंबू-मीठ घालून प्या, तोही मला आवडतो पण चव अगदी वेगळी, तेव्हा दोन्ही दोन दिवस येतात.

दुपारी दहीपोह्यांसारखं काहीतरी, जाड पोहे, ताकाची पावडर, मेतकूट, मीठ, वरून घरी तळून आणलेली सांडगी मिरची चुरडून. जाड पोह्यांना वीस मिनिटं द्या, घाई केलीत तर मधे टणक कणी राहते. मिरची शेवटीच, भिजली की तिची मजा गेली.

रात्रीसाठी घरी वाळवलेली मुगाची खिचडी. हे काम आहे, एक अख्खा दिवस जातो, पण माझ्या मते सगळ्यात समाधानाचं जेवण हेच. खिचडी तेल-तूप न घालता जरा जास्तच मऊ शिजवायची (तेल असलं की वाळत नाही नीट आणि पुढे खवट होते), ताटात पातळ पसरायची, डीहायड्रेटर (अन्न वाळवायचं मशीन) किंवा ओव्हनमध्ये ६० डिग्रीच्या आसपास आठ-दहा तास, मधे एकदा उलटायची. दाणा चिमटीत धरून मोडल्यावर कट्ट असा आवाज आला पाहिजे, वाकला तर अजून ओल आहे. मग मिक्सरमधून नुसती एकदा फिरवून जाडसर करायची, पीठ नाही करायचं. वर गेल्यावर एक वाटी खिचडीला सव्वा ते दीड वाटी थंड पाणी, झाकून तासभर. खाताना तेल आणि दाण्याचं कूट. गाजर, कोबी किसून उकळत्या पाण्यातून एक मिनिट काढून त्याच ताटात वाळवले तर तेही भिजतात, मटार मात्र न वाफवता वाळवलात तर छर्ऱ्यासारखा राहतो.

आम्ही कोल्हापूरकर, झणझणीत लागतंच. राजमा रात्रभर भिजवून सकाळी तिखट-मीठ-कांदा लावून खाल्ला तर? भिजला की मऊ होतो की. आणि चैत्रगौरीची आंबेडाळ पण कच्चीच असते की ओ, मग कुठं काय होतंय?
– एक वाचक, कोल्हापूर

राजमा नको. हे उत्तर मी जोरात देतेय कारण ह्यात खरंच लोक आजारी पडतात.

लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक लेक्टिन, म्हणजे पोटाला बाधणारं एक प्रकारचं प्रोटीन असतं, कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि मग जुलाब सुरू होऊ शकतात. नुसतं भिजवून ते जात नाही. भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळला की मगच जातं. आणि गडावर, गाडीरस्त्यापासून चार तास लांब उलट्या झाल्या की माणसाच्या पोटात पाणी ठरत नाही, तिथून खाली आणणं किती अवघड होतं ते मी एकदा दुसऱ्या ग्रुपच्या मुलाच्या बाबतीत जवळून पाहिलंय.

आंबेडाळीचा मुद्दा मात्र तुम्ही छान काढलात, मला पण थांबून विचार करावा लागला. हरभऱ्याच्या डाळीत हे लेक्टिन लाल राजम्याच्या मानाने फारच कमी असतं, डाळ सालं काढलेली असते, चार-पाच तास भिजवून वाटलेली असते आणि आपण खातो किती, हळदीकुंकवाला वाटीभर. तरीसुद्धा ज्यांना सवय नाही त्यांना ती जड पडतेच. सणाला वाटीभर खाणं वेगळं आणि दिवसभर चालून पोटभर तेच खाणं वेगळं. राजमा खायचाच असेल तर घरी कुकरमध्ये पूर्ण शिजवून, कुस्करून, वाळवून न्या, मग थंड पाण्यात अर्ध्या-पाऊण तासात मस्त घट्ट लगदा होतो, त्यात कांदा-लसूण चटणी घाला, हवी तेवढी झणझणीत. सोयाचं पण तसंच, ग्रॅन्युल्स घरी उकळून पिळून परत वाळवले की तो कच्चट वास जातो आणि वर पंधरा मिनिटांत भिजतात, शिवाय प्रोटीन भरपूर.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला पहिल्यांदाच नेतेय, हरिश्चंद्रगड. उकळलेलं पाणीच नाही म्हटल्यावर मला भीती वाटते. टाक्यातलं पाणी तसंच अन्नात घालायचं का?
– एक आई, नाशिक

तसंच अजिबात नाही, आणि तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, कारण स्टोव्ह सोडणारे नेमके इथेच चुकतात. चुलीवर शिजवतो तेव्हा पाणी उकळून जातं आणि आपोआप सुरक्षित होतं, आपल्या लक्षातही येत नाही की ते एक काम चूल फुकटात करत होती. चूल गेली की ते काम आपल्याला वेगळं करावंच लागतं, पिण्याच्या पाण्याला आणि भिजवण्याच्या पाण्यालाही. पोह्यांवर शिंपडलेलं पाणी म्हणजे पिण्याचंच पाणी.

मी आधी दुहेरी सुती फडक्यातून गाळते, मग ट्रेकिंगचा पिळून चालवायचा फिल्टर, आणि मग क्लोरीनचे थेंब किंवा गोळी, पॅकेटवर लिहिलंय त्या मापाने, आणि निदान अर्धा तास थांबते. पाणी खूप गार असेल तर जास्त वेळ. दोन्ही का, तर फिल्टर बॅक्टेरिया आणि जिआर्डियासारखे मोठे जंतू अडवतो पण व्हायरस त्यातून निसटतात, आणि क्लोरीन व्हायरसला मारतं पण जिआर्डियाच्या कवचापुढे कमी पडतं. गडावरच्या टाक्यांवर गुरं येतात, शनिवार-रविवारी शेकडो माणसं येतात, तेव्हा एकावर भागवू नका. ही सगळी तयारी पोचल्या पोचल्या करा, म्हणजे भूक लागेपर्यंत पाणी तयार असतं. लहान मुलाला भूक लागल्यावर अर्धा तास थांब म्हणणं किती अवघड असतं ते तुम्हाला सांगायला नको.

आणि हात. साबणाने किंवा सॅनिटायझरने, कालवायच्या आधी, दर वेळी.

मुलाचं म्हणाल तर त्याला आधी घरी दोन-तीनदा हेच खायला द्या, तेही बाल्कनीत किंवा गच्चीवर त्याच्याच बरणीत त्याला स्वतः भिजवू दे. माझी भाची दडपे पोहे खायची नाही, पण बरणी तिची, पाणी तिने ओतलं, घड्याळ तिने लावलं म्हटल्यावर चाटूनपुसून खाल्ले. गोडासाठी सातू किंवा चुरमुरे-गूळ-दाणे ठेवा आणि एखादी आंबापोळी, ती तर भिजवायची पण गरज नाही.

सकाळी निघताना बरणीत भिजवून ठेवलं आणि दुपारी दोनला खाल्लं तर चालेल ना? वेळ वाचतो.
– एक वाचक, ठाणे

उन्हाळ्यात नाही. भिजेपर्यंत ते कोरडं अन्न, महिनाभरही टिकतं, पण पाणी लागलं की ते ताजं अन्न झालं आणि आपल्याकडच्या उकाड्यात सॅकमध्ये आंबायला लागतं, दूध किंवा ताकाची पावडर असेल तर अजूनच लवकर. भात-खिचडीत तर असे काही जंतू असतात की ज्यांनी एकदा विष तयार केलं की मग परत गरम करूनही ते जात नाही. म्हणून खायच्या आधी तासभर भिजवा, फार तर दोन तास, बरणी सॅकच्या वरच्या कप्प्यात सावलीला. उरलं तर रात्रीसाठी ठेवू नका.

बरणी म्हणजे पीनट बटरची अर्ध्या किलोची रिकामी प्लास्टिकची, रुंद तोंडाची, झाकणाचे आटे घट्ट बसणारी. काचेची नको. घरी पाणी भरून उलटी ठेवून रात्रभर बघा गळते का.

मी सिएटलला असतो, उन्हाळ्यात पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा वॉशिंग्टन राज्यातला एक टप्पा करायचाय, नऊ दिवस. इथले लोक कूसकूस आणि रामेन थंड पाण्यात भिजवून खातात. मला ते दोन दिवसांवर जात नाही. आपलं काही चालेल का तिकडे?
– एक वाचक, सिएटल

चालेल काय, धावेल! तो ट्रेल मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत, जवळपास ४,२६५ किलोमीटर, आणि तिथे महिनोन्‌महिने चालणाऱ्यांमध्ये ही पद्धत चांगलीच रुळलीये. एक तर स्टोव्ह-गॅसचं वजन वाचतं आणि दुसरं म्हणजे वणव्याच्या दिवसांत तिकडे आग पेटवायला ठिकठिकाणी बंदी असते. कूसकूस म्हणजे तरी काय, रव्याचे गोळे करून वाफवून वाळवलेले, आपल्या पोह्यांचा लांबचा नातेवाईक.

तुमच्या इथल्या इंडियन ग्रोसरीत पातळ पोहे, चुरमुरे, डाळं, सुकं खोबरं, गूळ पावडर सगळं मिळतं. मेतकूट आणि सातूचं पीठ नाही मिळालं तर घरी डाळं-गहू भाजून ब्लेंडरमध्ये करा, अर्ध्या तासाचं काम आहे. नऊ दिवसांना मी असं धरते की दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम कोरडं अन्न, त्यात दाणे-खोबरं-तेल भरपूर, कारण तुम्ही रोज दहा-दहा तास चालणार. चुरमुरे नेऊ नका, पोटात काही भरत नाही आणि पिशवी मात्र उशीएवढी होते. अस्वलांच्या भागात अन्न ठेवायचे नियम टप्प्याटप्प्यावर वेगळे असतात ते निघायच्या आधी बघाच, आणि हिंग दोन पिशव्यांत बांधा, त्याचा वास आपल्यालाही एवढा लांबून येतो तर अस्वलाचं नाक विचारूच नका.

जानेवारीत हिमालयात बर्फातला ट्रेक आहे, आमचं आम्ही जाणार. तिथेही स्टोव्ह सोडावा का?
– एक वाचक, नागपूर

नाही. तिथे स्टोव्ह पाहिजेच, आणि ह्यात मी अजिबात हटणार नाही. बर्फ वितळवून पाणीच करावं लागतं, खाणं नंतरची गोष्ट. आणि कोणी थंडीने गारठला, बोलणं अडखळायला लागलं, तर त्याच्या पोटात काहीतरी गरम आणि गोड जायला हवं, तिथे थंड सातू काही कामाचा नाही. गोठायच्या जवळच्या पाण्यात खिचडी भिजायला दोन-दोन तास लागतात तो भाग वेगळाच. तरी पोहे-सातू न्या जरूर, कारण त्यांना उकळायची गरज नसते, कोमट पाण्यातही होतात आणि गॅस वाचतो. ४,००० मीटरवर पाणी साधारण ८६-८७ डिग्रीलाच उकळतं, डाळ तासभर ठेवली तरी बोटचेपी होत नाही, पोह्यांना त्याचं काहीच नाही.

आणि प्रवासात गॅसचा कॅन विमानात चालत नाही, ना हातात ना चेक-इनमध्ये, ट्रेनमध्येही मनाई आहे. तिकडे पोचून विकत घ्या.

मी ६४ वर्षांचा आहे, साताऱ्याकडचा. दात फारसे राहिले नाहीत. पोरांबरोबर कळसूबाई करायची इच्छा आहे. आमची आई सुगीला शेतावर जाताना लाह्यांचं पीठ फडक्यात बांधून न्यायची आणि बांधावर ताकात कालवून द्यायची, त्याची आठवण झाली तुमचा लेख वाचून.
– एक वाचक, सातारा जिल्हा

काका, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. तुमच्या आई जे करत होत्या तेच मी गेली काही वर्षं करतेय, फक्त बांधाच्या जागी गड आहे.

तुम्ही तेच न्या. ज्वारीच्या लाह्या नागपंचमीच्या सुमाराला सगळीकडे मिळतात, एरवी मोठ्या किराणावाल्याकडे विचारायचं. मंद आचेवर जरा शेकून, गार करून बारीक दळून आणा. ५० ग्रॅम पीठ, मोठा चमचा ताकाची पावडर, मीठ, जिऱ्याची पूड, सगळं एका पिशवीत. वर फक्त पाणी. लाह्यांचं पीठ पाणी लगेच पितं, दोन मिनिटांत घट्ट होतं, म्हणून आधी जरा पातळच वाटेल असं कालवा. चावायचं काहीच नाही. सोबत मऊ गूळ.

कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, वाटेत लोखंडी शिड्या आहेत, गुडघ्यांची डॉक्टरांकडून एकदा खात्री करून घ्या आणि पावसाळा संपल्यावर जा. बारी गावातून पहाटे पाचला निघालात तर ऊन चढायच्या आत वर पोचाल. खाणं वर देवळाच्या सावलीत करा, आणि त्या दिवशी पीठ पोरांना कालवू देऊ नका, तुम्हीच कालवा, पाण्याचा अंदाज तुमच्या हाताला आहे.